कॅरव्हॅनचा टो-बॉल गंजू नये म्हणून: ग्रीस कधी लावायचं आणि कधी मुळीच नाही

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, ओढताना लागणारे सगळे हिसके गाडीच्या मागचा एक ५० मिलिमीटरचा पोलादी गोळा सोसतो. हाच टो-बॉल वर्षभर गाडीच्या सगळ्यात घाणेरड्या जागी उघडा पडलेला असतो. ब्रिटनचा पाऊस, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, समुद्रकाठच्या साइटवरची खारी हवा. उघड्या पोलादाला गंज धरायला एवढं भरपूर झालं.

१६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये कारच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याआधी, १९९७ नंतर परवाना काढलेल्यांना मोठ्या कॅरव्हॅनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. त्यामुळे इथे नंतर येऊन परवाना काढलेली आपली बरीच मंडळी आता पहिल्यांदाच कॅरव्हॅन घेऊन बाहेर पडू शकतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. गंज काढणं अवघड नाही. घोळ होतो तो ग्रीसच्या बाबतीत, आणि तो घोळ धोक्याचा आहे.

आधी कपलिंग ओळखा

कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाचं जे तोंड गोळ्यावर बसतं, ते कपलिंग. ते दोन प्रकारचं असतं. साध्या कपलिंगमध्ये धातूवर धातू फिरतो, म्हणून तिथे ग्रीस हवंच. दुसऱ्या प्रकारात कपलिंगच्या आतच स्टॅबिलायझर असतो. ब्रिटनमधल्या अलीकडच्या बहुतेक कॅरव्हॅनना अल-को किंवा विंटरहॉफ कंपनीचा असा स्टॅबिलायझर दिसतो. त्यातले पॅड गोळ्याला घट्ट दाबून धरतात. अल-कोच्या एकेएस ३००४ मध्ये असे चार पॅड आहेत, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे. मोटरवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की कॅरव्हॅन मागे सापासारखी वळवळू लागते. ती वळवळ थोपवायचं काम पॅड आणि गोळा यांच्यातलं घर्षण करतं. गोळ्याला ग्रीस लागलं की हे घर्षण गेलं. हँडल व्यवस्थित खाली दाबलेलं असतं, सगळं ठाकठीक वाटतं, आणि स्टॅबिलायझर मात्र नावापुरता उरतो.

म्हणून कपलिंगच्या तोंडात खालून टॉर्च मारून पाहा. गोळा बसतो त्या खोबणीत पॅड दिसले, तर ग्रीसचा डबा गॅरेजमध्येच राहू द्या. ऑस्ट्रेलियातला मित्र ‘ग्रीस लाव’ म्हणतो आणि इथला शेजारी ‘अजिबात लावू नकोस’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दोघंही आपापल्या कपलिंगपुरते बरोबर असतात.

काय लागेल

२०० ते २४० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर किंवा मेथिलेटेड स्पिरिट, जुन्या सुती बनियनच्या चिंध्या, हातमोजे आणि मास्क. ब्रेक क्लीनर आणि स्पिरिट दोन्ही भडकन पेट घेतात. काम उघड्यावर करा आणि आसपास शेगडी किंवा सिगारेट नको.

गंज म्हटलं की आपल्याकडे हात आधी रॉकेलकडे जातो. इथे ते नको. रॉकेल मागे तेलकट थर सोडतं. गंज सोडवायचे आणि वंगणाचे स्प्रेही तेच करतात. साध्या कपलिंगला त्याने बिघडत नाही, पण स्टॅबिलायझरचे पॅड तो थर शोषून घेतात.

साफ कसा करायचा

१. गोळ्यावर गोडं पाणी सोडा आणि मीठ-चिखल धुऊन काढा. शेजारच्या विजेच्या सॉकेटचं झाकण आधी बंद करा. मग गोळा कोरडा पुसा.

२. चिंधी स्पिरिटमध्ये भिजवून गोळा पुसा. चिंधी काळी होईल, ती बदला आणि पुन्हा पुसा. पांढरी चिंधी पांढरीच राहीपर्यंत थांबू नका. ही पायरी घासण्याच्या आधीच हवी, नाहीतर पॉलिश पेपर जुनं ग्रीस पसरवत बसतो.

३. आता गोळा नीट बघा. वापरातल्या गोळ्यावर पॅड जिथे टेकतात तिथे चकचकीत पट्टे असतात आणि त्यांच्या वर-खाली तांबूस गंज. कधी पट्ट्यांवरच काळपट, काचेसारखी गुळगुळीत पुटं दिसतात. ती पॅडच्या भुकटीची असतात, आणि चालताना येणारी करकर बऱ्याचदा त्यांच्यामुळेच येते. गंज आणि ही पुटं, दोन्ही काढायची.

४. पॉलिश पेपरची पट्टी गोळ्याला मिठी मारल्यासारखी गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढा. सतत जागा बदलत, गोल फिरत राहा. एकाच ठिकाणी जोर लावला तर तिथे सपाट भाग तयार होतो. ग्राइंडर लावायचा मोह अजिबात नको. त्याने गंज क्षणात जातो, पण गोळ्याचा गोलपणाही जातो आणि तो परत आणता येत नाही.

५. शेवटी पुन्हा स्पिरिटने पुसा. घासलेली भुकटी राहिली तर ती पॅडमध्ये रुतून बसते.

गोळा नवा असेल तरी हे करावंच लागतं. बरेच गोळे काळ्या रंगात किंवा करड्या लेपात येतात. साध्या कपलिंगला तो चालतो, पण स्टॅबिलायझर असेल तर रंग आणि लेप पार उतरवून खालचं पोलाद उघडं करायला हवं. नाहीतर पहिल्याच काही प्रवासांत तो रंग पॅडला चिकटतो. एकेएस ३००४ ला लांब मानेचा (गोळ्याखालचा दांडा लांब असलेला) गोळा लागतो. गोळा विकत घेताना एवढं विचारून घ्या, कारण आखूड मानेवर कपलिंग वळताना अडकतं.

हात लागलाच आहे तर पॅडही पाहा. वरवर मळले असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून कोरड्या चिंधीने पुसा. ग्रीस आत मुरलं असेल तर घासत बसू नका, पॅडचा नवा संच बसवा.

गंज पुन्हा येऊ नये म्हणून

साध्या कपलिंगचं काम सोपं आहे. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर द्या, काळं पडलं की पुसून नवं लावा, वर टोपी घाला. जाड थर देऊन उपयोग नाही. त्यात वाळू अडकते आणि तेच मिश्रण गोळा झिजवतं.

स्टॅबिलायझरवाल्यांना टोपीवरच भिस्त ठेवावी लागते. रबराची किंवा प्लॅस्टिकची टोपी दुकानात स्वस्तात मिळते. चीर दिलेला टेनिस बॉलही चालतो. पण ओल्या गोळ्यावर टोपी चढवू नका. आत अडकलेली ओल बाहेर जात नाही आणि उघड्या गोळ्यापेक्षा झाकलेलाच जास्त गंजतो. माझ्या मते बहुतेक गंज असाच येतो. साइटवर पोचल्यावर पावसात घाईघाईने कॅरव्हॅन सोडवली जाते आणि टोपी तशीच दाबून बसवली जाते. त्यासाठी डिकीत एक कोरडं फडकं कायम ठेवा.

एका पावसाळी रात्रीत चढलेला तांबूस थर बघून घाबरू नका. तो पॉलिश पेपरच्या दोन हातांत जातो. मात्र कॅरव्हॅन जोडायच्या आधी तो काढा. पॅडच घासून काढतील म्हणून सोडून देऊ नका.

हिवाळाभर कॅरव्हॅन उभीच राहणार असेल, तर स्टॅबिलायझरवाल्यांनीही गोळ्यावर व्हॅसलिनचा हलका हात फिरवायला हरकत नाही. फक्त वसंतात पहिल्यांदा जोडण्याआधी ते स्पिरिटने पूर्ण उतरवायचं. घरात गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर टोपीवर तशी चिठ्ठी चिकटवा. गोळा काढता येण्याजोगा असेल, तर तो पुसून, कापडात गुंडाळून घरात ठेवणं सगळ्यात उत्तम.

गोळ्याखालच्या मानेचं वेगळं. तिथे कपलिंग घासत नाही, त्यामुळे रंग चालतो. गोळ्याला कागदी टेप गुंडाळा, मानेवरचा गंज खरवडा, गंजरोधक प्रायमर आणि वर काळा रंग द्या.

झीज मोजा

साफ केलेल्या गोळ्यावर व्हर्नियर कॅलिपर लावून व्यास मोजा, पुढून-मागे आणि डावीकडून-उजवीकडे, दोन्ही दिशांनी. ओढण्याचा आणि ब्रेकचा जोर पुढे-मागे येतो, म्हणून गोळा झिजत लांबट होतो आणि एकाच दिशेचं माप फसवं असतं. ४९ मिलिमीटरपर्यंत उतरलेला गोळा वापरू नये. नख फिरवल्यावर खड्डे किंवा खाचा लागत असतील, तर माप बरोबर असलं तरी गोळा बदलणं बरं, कारण तो खडबडीत पृष्ठभाग पॅड लवकर खातो.

ब्रिटनमध्ये दोन बोल्टवर बसणारे गोळे बरेच आहेत, आणि त्यात गोळा तेवढा बदलता येतो. बदलताना नवे बोल्ट आणि नवे सेल्फ-लॉकिंग नट घ्या आणि टो-बार (गोळा धरणारा, गाडीला बसवलेला दांडा) बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कइतकेच, म्हणजे त्याने सांगितलेल्या जोरानेच, आवळा. गाडीखालून वळून वर येणाऱ्या स्वान-नेक टो-बारमध्ये गोळा आणि मान एकसंध असतात, त्यामुळे तिथे अख्खी मानच बदलावी लागते.