गायकवृंदाच्या अखेरच्या कार्यक्रमाची आखणी

लोकप्रिय गायकवृंदाचा अखेरचा कार्यक्रम आखताना तो निरोपसमारंभ आहे असे समजून सुरुवात केली, तर भाषणे आणि सत्कार यांच्या गर्दीत गाणे मागे पडते. म्हणून आधी गाण्यांची यादी पक्की करावी आणि उरलेल्या वेळात बाकीचे सारे बसवावे.

घोषणा पुरेशी आधी करावी. जपानमधील तीन गायिकांच्या ‘कँडीज’ने जुलै १९७७ मध्ये मंचावरूनच विसर्जन जाहीर केले आणि ४ एप्रिल १९७८ रोजी तोक्योच्या कोराकुएन स्टेडियममध्ये अखेरचा कार्यक्रम केला. मधल्या महिन्यांत चाहत्यांना तयारीला अवधी मिळाला. ‘अखेरचा’ हा शब्द मात्र सर्वांचे एकमत झाल्याशिवाय वापरू नये. आयर्लंडच्या ‘वेस्टलाइफ’ या गायकवृंदाने जून २०१२ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये निरोप घेतला, पण २०१८ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. परतण्यात गैर काहीच नाही; तरीही ती शक्यता मनात असेल, तर तिकिटावर ‘विश्रांतीपूर्वीचा कार्यक्रम’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

सभागृह गाण्याच्या प्रकृतीप्रमाणे निवडावे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिलियर्ड एन्सेम्बल’ने डिसेंबर २०१४ मधील शेवटच्या कार्यक्रमासाठी लंडनचे विगमोर हॉल घेतले. तिथे आसने जेमतेम साडेपाचशे, पण वाद्यांविना गाणाऱ्या चौघांचा प्रत्येक स्वर तिथे स्वच्छ पोहोचतो. मोठ्या मैदानात प्रत्येकाला स्वतंत्र माइक तर हवाच, शिवाय सहगायकांचा आवाज नीट ऐकू येण्यासाठी मॉनिटरही (गायकांकडे तोंड केलेला ध्वनिक्षेपक) हवा, कारण एकमेकांचे सूर ऐकू आले नाहीत की मेळ बिघडतो.

सर्वाधिक वेळ गाण्यांचा क्रम आणि पट्टी ठरवण्यात घालवावा. वयानुसार वरचे सूर अवघड होतात. अशा वेळी मूळ पट्टीचा हट्ट न धरता अर्ध्या किंवा एका स्वराने खाली यावे, मात्र त्यामुळे खर्जाचा भाग सांभाळणाऱ्याचे सूर त्याच्या आवाक्याबाहेर तर जात नाहीत ना, हे तालमीत तपासावे. दुसरी अडचण भावनावेगाची. हुंदका दाटून येतो तेव्हा अधिक हवा मिळावी म्हणून स्वरयंत्राचे द्वार उघडे राहू पाहते आणि गाण्यासाठी तर स्वरतंतू जवळ यावे लागतात. या ओढाताणीत आवाज फाटतो. एकट्या गायकाचा सूर चुकला तर श्रोते ते माफ करतात, परंतु चार भागांच्या, म्हणजे चार वेगळ्या सुरावटी एकाच वेळी गायच्या रचनेत एक भाग गळाला की सगळी स्वरसंगतीच पोकळ होते. म्हणून ज्या गाण्याने डोळे भरून येण्याची शक्यता आहे, त्यात प्रत्येक भागाला दुसरा गळा जोडावा. जुन्या सदस्यांना बोलावण्याची योग्य जागा हीच: फुले स्वीकारण्यापुरते मंचावर आणण्यापेक्षा त्यांना त्यांचा जुना भाग गायला द्यावा आणि त्यासाठी तालमींनाही बोलवावे. कठीण, गुंतागुंतीच्या रचना पूर्वार्धात घ्याव्यात, जेव्हा गळा ताजा आणि मन स्थिर असते.

निवेदन थोडक्यात आणि लिहून ठेवलेले असावे. आभाराची लांबलचक यादी छापील पत्रिकेत द्यावी. मंचावर ती वाचणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा. आदल्या दिवशी पूर्ण आवाजात तालीम करू नये, आणि त्या दिवसाच्या मुलाखतीही शक्यतो टाळाव्यात. ‘वन्स मोअर’ येणारच, तेव्हा त्यासाठी दोन सोपी गाणी राखून ठेवावीत.

ध्वनिमुद्रण करायचे असल्यास प्रत्येक माइक वेगळ्या मार्गिकेवर (ट्रॅकवर) नोंदवावा, म्हणजे नंतर आवाजांचा समतोल साधता येतो. प्रकाशनाचा विचार असेल, तर कवी, संगीतकार आणि सर्व सहभागी गायकांच्या परवानग्या कार्यक्रमापूर्वीच लेखी घ्याव्यात. वृंदासाठी खास बांधलेल्या रचनांच्या स्वरलिपी कोणाकडे राहतील, त्या इतरांना गायला द्यायच्या की नाहीत आणि ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न कसे वाटायचे, हेही त्याच वेळी लिहून, सर्वांच्या सह्या घेऊन ठेवावे.