मुघल बादशहांचे धर्मविषयक धोरण अजिंक्यताऱ्यावर कसे शिकवावे

साताऱ्यातील शिक्षकांनी हा धडा अजिंक्यताऱ्यावर घ्यावा, कारण १७०० मध्ये औरंगजेबाने हाच गड जिंकून त्याचे नाव ‘आझमतारा’ ठेवले होते. सुरुवात मात्र अकबरापासून करावी. त्याने १५६३ मध्ये यात्राकर आणि १५६४ मध्ये जिझिया (बिगर-मुस्लिमांवरील कर) रद्द केला, १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीत इबादतखाना (धर्मचर्चेचे सभागृह) उभारला आणि पुढे तेथील चर्चेत हिंदू, जैन, पारशी व ख्रिस्ती विद्वानांनाही बोलावले. मानसिंगासारख्या राजपुतांना मोठ्या मनसबी (बादशाही सेवेतील पदे) मिळाल्या, म्हणजे या उदारतेमागे राज्यकारभाराची गरजही होती, हे आवर्जून सांगावे. जहांगीर व शाहजहान यांना थोडाच वेळ द्यावा; जिझिया दोघांनीही पुन्हा लावला नाही.

औरंगजेबापाशी मात्र थांबावे. त्याने १६६९-७० मध्ये काशी व मथुरेची प्रमुख मंदिरे पाडली आणि १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला. तरीही त्याच्याच कारकिर्दीच्या उत्तरार्धात हिंदू मनसबदारांचे प्रमाण वाढले व त्यांत मराठे सरदार पुष्कळ होते. ही विसंगती विद्यार्थ्यांपासून झाकू नये, कारण माझ्या मते धड्याचे मर्म तिच्यातच आहे. त्यानंतर १७१९ च्या सनदा समजावाव्यात, ज्यांद्वारे दिल्लीच्या बादशहाने साताऱ्याच्या शाहू महाराजांचे दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखी (महसुलाचा दहावा हिस्सा) यांचे हक्क मान्य केले.