जमिनीखालचं पाणी मुलांना कसं शिकवायचं (फळ्यावरचे बाण पुरत नाहीत)

जलचक्र काढ म्हटलं की पोरं पटापट काढतात, समुद्र, वाफ, ढग, डोंगर, पाऊस, नदी, परत समुद्र, बाण मारले की मार्क मिळाले. पण त्याच मुलांना विचारा की पायाखाली पाणी कसं असतं ते काढा, मग गंमत बघा. बरीचशी मुलं जमिनीच्या पोटात एक मोठं तळं काढतील, कुणी बोगद्यातून वाहणारी नदी काढेल, आणि काही जण पावसाचा बाण मातीपर्यंत आणून तिथेच सोडून देतील. म्हणून सुरुवात इथूनच करायची, काहीही न शिकवता आधी कोरा कागद द्यायचा, काढलेलं चूक आहे म्हणायचं नाही, आणि ते कागद नीट जपून ठेवायचे, नंतर लागतात.

मग मॉडेल. एक पारदर्शक टब, धुतलेली बारीक खडी आणि जाडसर वाळू एवढं सामान बास. वाळू धुवायचा कंटाळा करू नका, नाहीतर पाणी गढूळ होऊन काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. खडी-वाळू टबात उतारावर रचायची, एक बाजू उंच आणि दुसऱ्या टोकाला एक खोलगट खड्डा (ही आपली नदी), पण खड्ड्याच्या तळाशीही थोडी वाळू राहू द्या. आता डब्याला भोकं पाडून फक्त उंच बाजूला हळूहळू पाऊस पाडायचा. पाणी खाली झिरपतं, तळाशी साठतं, आणि ओल्या-भरलेल्या भागाची वरची कड काचेतून दिसते, तिथे मार्करने रेघ मारायला लावा, हीच भूजलपातळी. तळं कुठेच नाहीये, कणांच्या मधल्या फटीत पाणी आहे, हे मुलांना बाजूने स्वतःच दिसतं. पाऊस चालू ठेवा. रेघ वर सरकत सरकत खड्ड्याच्या तळापर्यंत आली की खड्ड्यात पाणी दिसायला लागतं, आणि तिथे तर कुणी एक थेंबही ओतलेला नसतो! इथे थांबा, लगेच स्पष्टीकरण देऊ नका, पाणी आलं कुठून यावर त्यांना भांडू द्या.

त्यानंतर हँडवॉशच्या बाटलीचा पंप घ्या, नळीच्या टोकाला कापडाचा तुकडा बांधा (वाळू आत गेली की पंप बाद), आणि तो उंच बाजूला खुपसा. ही झाली बोअर. उपसत राहिलं की खड्ड्यातलं पाणीही उतरतं. नदी वेगळी आणि बोअर वेगळी असं नसतं, पाणी एकच आहे, आणि माझ्या मते अख्ख्या धड्यातून एवढी एकच गोष्ट डोक्यात राहिली तरी चालेल. वेळ असेल तर उंच बाजूला खाण्याचा रंग टाकून परत पाऊस पाडा, थोड्या वेळाने पंपातून रंगीत पाणी येतं, म्हणजे वर सांडलेलं खाली कसं पोचतं ते वेगळं सांगायला लागत नाही. फक्त एक सांगून ठेवा, टबात हे पटकन होतं, प्रत्यक्षात भूजल सहसा दिवसाला काही सेंटिमीटर ते फार तर मीटरभर सरकतं, त्यामुळे आज झालेलं प्रदूषण कित्येक वर्षांनीही वर येऊ शकतं.

चिकणमातीचा प्रयोग वेगळा करा. तळाला भोकं असलेले दोन कप, खाली कापड, एकात वाळू आणि एकात ओली दाबलेली चिकणमाती, वरून सारखंच पाणी. आधी अंदाज लिहून घ्यायचा. चिकणमातीत पोकळ जागा वाळूपेक्षा बऱ्याचदा जास्तच असते पण फटी इतक्या बारीक की पाणी पुढे जातच नाही, आणि जागा असणं आणि पाणी जाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मोठ्या वर्गातल्या मुलांनाही पटकन पटत नाही. कुणी विचारेलच, खाली खरंच नद्या नसतात का? असतात, चुनखडकाच्या गुहांमध्ये असतात, पण तो अपवाद.

आकडे शेवटीच द्या, आधी दिले तर पाठ होतात आणि विषय संपतो. पृथ्वीवरच्या पाण्यापैकी गोडं पाणी जेमतेम 2.5 टक्के, त्यातलं साधारण 69 टक्के बर्फात, 30 टक्के जमिनीखाली, आणि नद्या-तलाव वगैरे सगळं मिळून उरलेल्या एक-सव्वा टक्क्यात. आणि मुलांना हेही सांगा की नद्यांना पाऊस पुरत असेल असं एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांनाही वाटत नव्हतं, 1674 मध्ये पिएर पेरो या फ्रेंच माणसाने सेन नदीच्या उगमाकडच्या भागाचा हिशोब मांडून दाखवला की तिथे पडणारा पाऊस नदीतल्या पाण्याच्या साधारण सहापट आहे. उरलेला पाऊस कुठे जातो हे मुलांनाच विचारा, बाष्पीभवन आणि झाडं तिथे आपोआप येतात.

समजलंय का ते तपासायला व्याख्या विचारू नका. विचारा, तीन महिने पावसाचा टिपूस नाही, वर बर्फ नाही, धरणही नाही, तरी नदी वाहतेय, कशी? जमिनीतून पाझरून येतंय असं उत्तर आलं तर उलटा प्रश्न टाका, नदीचं पाणी जमिनीत जाईल असं कधी होईल? (भूजलपातळी नदीच्या खाली गेली की, आणि हे टबात उपसा करून लगेच दाखवता येतं.) मग पहिले कागद परत द्यायचे आणि त्याच चित्रात वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्ती करायला सांगायची, खोडरबर द्यायचा नाही. बघायचं एवढंच की जमिनीखालून नदीकडे जाणारा बाण आलाय का, तो नसेल तर टब परत बाहेर काढा.

आणि हो, काम झालं की वाळू पसरून कडक वाळवा, ओलीच भरून ठेवली तर पुढच्या बॅचला वासानेच पळवून लावेल.