रंगवलेले केस वाटून घ्यायचे तं असे वाटा राजेहो

वैनगंगेवर फ्लाय (गळाला केस-पिसं बांधून केलेलं मासे पकडायचं नकली आमिष) टाकणारे आम्ही तिघं-चौघं आहोत, त्यासाठी केस रंगवावे लागतात; प्रत्येकानं सगळे रंग आणण्यापेक्षा एकानं एक रंग करायचा अन् वाटायचा असं ठरवलं, लय परवडते.

पहिली गोष्ट, केस फक्त पाळीव जनावराचे. बकटेल म्हणजे अमेरिकेतल्या हरणाच्या शेपटीचे केस, क्लाउझर मिनो नावाची फ्लाय त्याचीच बांधतात, पण आपल्याकडे हरीण, मुंगूस, रानससा यांचं काहीच घ्यायचं नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, कोणी फुकट देतो म्हटलं तरी नको. पांढऱ्या बोकडाची शेपटी खाटकाकडे सहज भेटते अन् मरळीसाठी ती मस्त चालते.

आतली चरबी चाकूनं पूर्ण खरवडा, मग भांड्याच्या लिक्विडनं दोनतीनदा धुवा. तेलकट राहिलं तं रंग डागाडागानं बसतो. लोकर रंगवायचा ॲसिड डाय (रंग) गरम पाण्यात विरघळवा, गंज म्हणजे पातेलं जुनं घ्या, त्यात परत भाजी करायची नाही. पाणी उकळू देऊ नका!! मी पहिल्यांदा उकळलं तेव्हा कातडं आकसून पापडासारखं झालं अन् केस हातात आले, पूर्ण शेपटी वाया. हात घालवत नाही पण वाफेचे बुडबुडे नाहीत, एवढंच तापवा. ओले केस गडद दिसतात म्हणून हवा त्याच्यापेक्षा थोडा जास्त गडद होऊ द्या, मग पांढरं व्हिनेगर टाका, रंग केसात ओढला जातो अन् पाणी फिकं होत जाते. नंतर स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, सावलीत वाळवा.

सगळ्यांचा वाटा एकाच गंजातला पाहिजे, दुसऱ्या खेपेला तोच पोपटी येत नाही.

तुकडे कातड्याच्या बाजूनं ब्लेडनं कापा, कात्री लावली की केसच कापले जातात. वाटण्याआधी ओला पांढरा कपडा घासून पहा, रंग लागला तं परत धुवा, नाहीतर समोरच्याची पांढरी फ्लाय डब्यात खराब होते. पाकिटावर रंग, तारीख अन् कशाचे केस ते लिहा.

आलेलं पाकीट सरळ डब्यात टाकू नका. एका पाकिटातून कीड आली अन् माझी अर्धी पिसं खाल्ली. आता घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये, एक दिवस बाहेर, परत चार दिवस आत, मगच डब्यात.