तीन-तीन कामं करूनही महिना भागत नाही? पुण्यात पार्ट-टाइम कामं जुळवताना या चुका टाळा

पहाटे पेपरची लाईन, दुपारी दुकानाचा काउंटर, संध्याकाळी दोन शिकवण्या आणि लग्नसराईत रविवारी वाढप्याचं काम. असा महिना जुळवणारी माणसं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांपासून भोसरीच्या खोल्यांपर्यंत सगळीकडे भेटतात. कष्टाला त्यातलं कुणीच कमी पडत नाही. तरी वीस तारखेनंतर उसनवारी सुरू होते. बऱ्याचदा पैसे गळतात ते दोन कामांच्या मधल्या जागेत. कधी प्रवासात, कधी लांबलेल्या पगारात, कधी तोंडी ठरलेल्या बोलीत. नवीन काम शोधण्याआधी ही गळती बघा.

फक्त रेट बघून काम धरणं

"तिथे तीन तासांचे 300 देतात, इथे 210च." एवढ्यावर निर्णय होतो आणि फसगत होते. समजा तुम्ही कर्वेनगरला राहता आणि 300 वालं काम मगरपट्ट्यात आहे. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एका बाजूला सव्वा तास धरा. पीएमपीचा दिवसाचा पास 70 रुपयांचा. म्हणजे घरातून निघून परत येईपर्यंत साडेपाच तास गेले आणि हातात 230 उरले. तासाला 42 रुपये पडले. वारज्यात चालत दहा मिनिटांवर असलेल्या दुकानाचे 210 धरले, तर तासाला 63 पडतात, वर दोन तास मोकळे. त्या दोन तासांत एक शिकवणी सहज बसते.

डिलिव्हरीचा हिशोबही असाच मांडायला हवा. अ‍ॅपवर दिवसाचे 1000 दिसले की बरं वाटतं. दहा तासांत 110 किलोमीटर फिरलात, गाडी 45 चं अ‍ॅव्हरेज देते आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे अडीचशे रुपये तिथेच गेले. ऑइल, टायर, ब्रेक, चेन-स्प्रॉकेट यांचा किलोमीटरमागे एक रुपया तरी बाजूला काढा. उरले 640. गाडीचा हप्ता चालू असेल तर तो अजून यातून जायचाय. हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. अनेकांचं घर त्यावर चालतं. पण 1000 मिळाले असं समजून घरात खर्च करणं ही चूक आहे, आणि ती टायर बदलायची वेळ आली की कळते.

उपाय सोपा आहे. कामं एकाच पट्ट्यात धरा. मेट्रोच्या वनाज–रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्गावर स्टेशनपासून चालत जाता येईल अशी दोन कामं मिळाली, तर वेळेचा भरवसा राहतो. सिंहगड रोडवर राहून एक काम खराडीत आणि दुसरं चिंचवडला, असं ठेवलंत तर तुम्ही दिवसभर रस्त्यावरच असाल. एक आठवडा वहीत घराबाहेर पडल्याची आणि परत आल्याची वेळ लिहा. कोणतं काम सोडायचं ते ती वहीच सांगेल.

भाडं पाच तारखेला, पैसे पंधराला

तुकड्या-तुकड्यांनी पैसे येणाऱ्या घरात एकूण कमाई पुरेशी असूनही ओढाताण होते, कारण तारखा जुळत नाहीत. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, लाइट बिल, मुलांची फी हे सगळं महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत येतं. केटररचे पैसे सीझन संपल्यावर, क्लासचे पंधरा तारखेनंतर, भाषांतराचे बिल दिल्यावर महिना-दीड महिन्यानं. मधल्या खड्ड्यात माणूस झटपट कर्ज देणारं अ‍ॅप उघडतो. दोन-पाच हजारांसाठी घेतलेलं ते कर्ज फेडायला दुसरं अ‍ॅप लागतं. मोबाइलमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायची परवानगी मागणारं कर्जाचं अ‍ॅप तर मोबाइलमध्ये ठेवूच नका.

एक काम असं धरा की ज्याचे पैसे ठरलेल्या तारखेला नक्की येतात, मग ते थोडे कमी का असेनात. भाडं आणि मेस त्यातून. बाकीची कामं किराणा, प्रवास, शिल्लक यांसाठी. दुसरं म्हणजे शिकवणीचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या. पालकांशी पहिल्या दिवशीच हे बोललं तर कुणाला वावगं वाटत नाही. तीन महिन्यांनी बोलायला गेलात की जड जातं. तिसरं, घरमालकाशी मोकळेपणानं बोला. "काका, माझा पगार दहाला होतो, भाडं बाराला दिलं तर चालेल का?" असं विचारलं तर बरेच मालक ऐकतात. दर महिन्याला न सांगता उशीर केला की तेच मालक खोली सोडायला सांगतात.

"घरबसल्या काम"च्या जाहिरातीला पैसे भरणं

या चुकीवर सविस्तर लिहायला हवं, कारण यात गरजू माणूसच सापडतो आणि एका दिवसात महिन्याची कमाई जाते.

पहिला प्रकार डेटा एंट्रीचा. आठवड्यात अमुक इतके फॉर्म भरा, अचूकता 98 टक्के हवी, आणि सुरुवातीला "रजिस्ट्रेशन" किंवा "सॉफ्टवेअर"चे हजार-दोन हजार भरा. तुम्ही रात्री जागून फॉर्म भरता. मग सांगतात, चुका जास्त झाल्या, करार मोडलात, आता दंड भरा. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर कोर्टाच्या शिक्क्याची "नोटीस" येते. मुली, गृहिणी, परीक्षेची तयारी करणारी मुलं या नोटिशीला घाबरतात आणि घरी न सांगता पैसे भरतात. भरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेला फोटो पाठवून दंड वसूल करायची कोर्टाची पद्धत नाही. एकदा भरलेत की आकडा वाढतच जातो. मेसेज, नंबर, पावत्या यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा.

दुसरा प्रकार टास्कचा. व्हिडिओला लाइक द्या, हॉटेलला रिव्ह्यू द्या, दीडशे रुपये मिळवा. पहिले दीडशे-दोनशे खरंच येतात, तोच गळ असतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, "प्रीपेड टास्क" सुरू होतात. आधी हजार भरा तेराशे परत, मग पाच हजार, मग वीस. शेवटी पैसे काढायला "टॅक्स" भरायला लावतात.

तिसरा सर्वांत धोकादायक, कारण त्यात तुम्ही नुसते फसत नाही, आरोपीही ठरता. "तुझं खातं महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो." त्या खात्यात दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे येतात. पोलीस ते खातं गोठवतात आणि चौकशीला तुम्हाला बोलावतात. तुमचा स्वतःचा पगारही त्याच खात्यात अडकतो. मित्र असो की गावाकडचा भाऊ, खातं, एटीएम कार्ड आणि सिम कुणालाही देऊ नका.

एकच कसोटी लावा. काम देणारा कामाआधी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर ते काम नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. लाज वाटून दोन दिवस घालवले की ती शक्यता जाते.

"ओळखीतलंच काम आहे, लिहून काय घ्यायचं?"

पैसे जास्त बुडतात ते ओळखीतच. दादांनी सांगितलं, मावशींनी शब्द टाकला, म्हणून रेट, तास, खाडा कसा धरणार, जेवण मिळणार की नाही, काहीच ठरत नाही. करारनाम्याची गरज नाही. ठरलं त्या संध्याकाळी एक मेसेज टाका. "दादा, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून 4 ते 8, महिन्याचे इतके, पगार 7 तारखेला." समोरून "हो" आलं की झालं. हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहा. रोख पैसे घेतले तर तेही मेसेजमध्ये नोंदवा. अ‍ॅपवर काम करत असाल तर दर आठवड्याच्या पेआउटचा आणि रेट कार्डचा स्क्रीनशॉट ठेवा. उद्या आयडी ब्लॉक झाली तर अ‍ॅपमधला जुना हिशोब उघडेलच असं नाही.

आणि पैसे अडकले तर? आधी तारीख टाकून लेखी मागा, फोनवर भांडू नका. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि काम सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. दुकान, हॉटेल, कारखाना असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज देता येतो. वहीतली हजेरी आणि तो "हो" तिथे उपयोगी पडतो.

सगळ्यांना हो म्हणणं

काम नाकारलं तर परत बोलावणार नाहीत, ही भीती खरी आहे. पण केटररकडे वाढायला येतो म्हणून सांगून ऐनवेळी न गेलेला मुलगा पुढच्या सीझनला यादीत नसतो. आदल्या दिवशी सकाळीच "मुकादम, उद्या जमणार नाही, माझ्याऐवजी हा येईल" असं सांगणाऱ्याचं नाव यादीत टिकतं.

याचं मूळ अनेकदा वर्षाचा अंदाज नसण्यात असतं. पुण्यातल्या जोडकामांना पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक लागू आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, चातुर्मासात आणि अधिक महिन्यात मुहूर्त नाहीत म्हणून केटरिंग, मेंदी, मंडपाची कामं थंड. गणपतीत फुलं, सजावट, मोदकांच्या ऑर्डरी. नवरात्रानंतर फराळ, चकल्या-चिवड्याला हात कमी पडतात. डिसेंबरनंतर दहावी-बारावीच्या शिकवण्या भरतात आणि एप्रिलमध्ये अचानक रिकाम्या होतात. हे दरवर्षी होतं, तरी दर एप्रिलला शिकवणी घेणाऱ्यांची धावपळ होतेच. जानेवारीतच उन्हाळी वर्ग, छंदवर्ग, पाचवी-सातवीची मुलं बघून ठेवा. फराळाच्या कमाईतला काही भाग पावसाळ्यासाठी बाजूला राहायला हवा.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना संलग्न महाविद्यालयांतही चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळेत काम मिळतं. पैसे फार नसतात, पण प्रवास शून्य आणि परीक्षेच्या दिवसांत समजून घेतात. प्रवेशाच्या वेळीच विचारा, नंतर जागा भरतात.

कागद न मागणं

पार्ट-टाइम आहे म्हणून पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नाही असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. आस्थापना त्या कायद्यात येत असेल तर अर्धवेळ कामगारही येतो. ईएसआयला पगाराची मर्यादा 21,000 आहे, तुमच्या पगारातून 0.75 टक्के जातात, मालक 3.25 टक्के भरतो आणि बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात कुटुंबासकट उपचार मिळतात. पगारातून पैसे कापले जात असतील तर आपला पीएफ-ईएसआयचा नंबर मागून घ्या आणि भरणा होतोय का ते स्वतः बघा. दुसऱ्या ठिकाणी लागताना जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर द्या. दोन-दोन नंबर झाले की पुढे पैसे काढताना हेलपाटे पडतात.

क्लास किंवा कंपनी "प्रोफेशनल फी" म्हणून पैसे देत असेल तर 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला जाऊ शकतो, पॅन दिला नाही तर 20. एकूण उत्पन्न करमर्यादेच्या खाली असेल तर ते पैसे तुमचेच आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. छोट्या रकमा म्हणून अनेक जण सोडून देतात. सोडू नका.

ज्यांना पीएफ-ईएसआय दोन्ही नाही त्यांनी ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करावी. डिलिव्हरी करणाऱ्यांनीही करावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार (सुट्टी कामं किंवा अ‍ॅपवरून कामं करणारे) नावानिशी आले आहेत. धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या ताईंसाठी राज्याचं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. बांधकामावर वर्षात 90 दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होते, आणि ठेकेदाराकडून ते 90 दिवसांचं प्रमाणपत्र काम चालू असतानाच घ्यायचं. साइट संपली की ठेकेदार सापडत नाही.

स्वतःच्या शरीराचा हिशोब न धरणं

रात्री एकपर्यंत डिलिव्हरी आणि पाचला पेपर, हे चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी नवले पुलाच्या उतारावर डोळा लागला तर सगळीच कामं एकदम बंद होतात, कारण यातलं एकही काम आजारपणाची रजा देत नाही. सलग सहा तास झोप मिळणार नसेल तर दोन्हींतलं एक सोडा. खाण्यावर काटकसर करणारेही दिसतात. हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकर केंद्रांवर स्वस्तात पोटभर जेवण मिळतं, वडापाववर दिवस काढायची गरज नाही.

स्वतःच्या नावावरची बाईक भाड्याच्या किंवा माल पोहोचवण्याच्या कामाला लावत असाल तर विम्याची पॉलिसी वाचा. वैयक्तिक वापराच्या पॉलिसीत असा वापर सहसा वगळलेला असतो आणि अपघातानंतर दावा अडतो. कंपनी अपघात विमा देते असं सांगितलं असेल तर त्याचा नंबर घेऊन घरच्यांकडे देऊन ठेवा.

शिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाखांचं संरक्षण आहे. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वजा होतो, आणि नेमकं तेव्हाच अनेकांचं खातं रिकामं असतं, म्हणून विमा बंद पडतो. मे महिन्यात त्या खात्यात शंभर रुपये राहू द्या, आणि जूनमध्ये पैसे वजा झाले का ते पासबुकात बघा.