ग्रेड पास झालास, आता काहीतरी वाजव

गिटारवर जी, डी, सी, ई मायनर या कॉर्ड हात झोपेतही धरतो, एफ वाजवताना अजून शिव्या तोंडात येतात, आणि क्लासमध्ये सरांनी नुकतंच विचारलंय, "या वर्षी परीक्षा देणार का?" साधारण या टप्प्यावर असाल तर हे तुमच्यासाठी आहे. पुढे गेलेल्यांना यातलं बरंच माहीत असेल, आणि काही पटणारही नाही. चालायचंच.

पुण्यात गिटार शिकणाऱ्यांच्या मला दोन जाती दिसतात. एक ग्रेडवाले. कोथरूड, सदाशिव पेठेतल्या कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासला जातात, नोटेशन वाचतात, डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेच्या मागे कुठे ठेवायचा यावर वाद घालतात. दुसरे झेड ब्रिजवाले. संध्याकाळी नदीवरच्या त्या पुलाच्या कठड्याला टेकून बसतात, मानेवर कॅपोचा चिमटा लावतात, चार कॉर्डांवर चाळीस गाणी वाजवतात आणि "रूल्सनी फील मरतो" असं म्हणतात. दोघंही एकमेकांना नावं ठेवतात. मी पहिल्या जातीतून आलो आणि दुसऱ्या जातीत बसायला गेलो, तेव्हा तिथे माझं काहीच चालेना. माझा सगळा झगडा तिथून सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही.

आधी परीक्षेबद्दल, कारण तिच्यावर उगाच खापर फोडलं जातं. ट्रिनिटी असो की एबीआरएसएम, ग्रेड परीक्षा घेणाऱ्या या दोन्ही परदेशी बोर्डांची पद्धत साधारण सारखीच आहे. तीन पीसेस, स्केल्स आणि तांत्रिक भाग, वर छोट्या चाचण्या. ट्रिनिटीत शंभरपैकी पीसेसना 66, तांत्रिक भागाला 14 आणि चाचण्यांना 20 गुण. 60 ला पास, 87 ला डिस्टिंक्शन. आता मेख बघा. पाचव्या ग्रेडपर्यंत चारपैकी कुठल्याही दोन चाचण्या निवडता येतात: साइट रीडिंग (न पाहिलेलं नोटेशन लगेच वाजवणं), ऑरल (ऐकून उत्तरं देणं), इम्प्रोव्हायझेशन आणि संगीताची माहिती. म्हणजे जागेवर काहीतरी सुचवून वाजवण्याची सोय परीक्षेतच आहे. आमच्या बॅचमध्ये ती कोणी घेतली? कोणीच नाही. "माहितीचे प्रश्न पाठ करता येतात, तेच घ्या," असा सल्ला होता आणि गुणांच्या हिशेबात तो अगदी बरोबर होता. गुण मिळाले. बोर्डाने दार उघडं ठेवलं होतं, कडी आम्हीच आतून लावली.

तर मी असा डिस्टिंक्शनवाला कॉलेजात फिरोदियाच्या, म्हणजे कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेच्या, टीममध्ये गेलो. पुण्यात शिकला असाल तर फिरोदिया करंडकाच्या तालमी म्हणजे काय हे सांगायला नको: रात्री उशिरापर्यंत रिकामा वर्ग, गार झालेला वडापाव, आणि प्रत्येकाकडे स्वतःचं मत. दिग्दर्शिका म्हणाली, "बाबा दार उघडून आत येतात. काही बोलत नाहीत. तेवढ्यात काहीतरी वाजव. गाणं नको, आठ-दहा सेकंद बास."

मी पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या पट्टीवर, हात ठेवला आणि ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांचं स्केल, खालून वर वाजवली. मग वरून खाली. स्वच्छ, एकही तार न खरखरता.

ती म्हणाली, "हे क्लासमधलं स्केल आहे ना?"

कोपऱ्यात पेटी घेऊन बसलेल्या मुलाने दोन सूर दाबले, थांबला, तिसरा दाबला, परत पहिल्यावर आला. "हे बघ, चालेल का?" चाललं. तेच शेवटी नाटकात गेलं.

घरी जाताना मी स्वतःला समजावत होतो की आपण परीक्षेत अडकलो आणि तो मोकळा आहे. पण नंतर कळलं की तो पोरगा शास्त्रीय संगीतातली गांधर्व मंडळाची मध्यमा पास होता, विशारदची तयारी करत होता. म्हणजे माझ्याइतक्याच, कदाचित जास्तच, परीक्षा त्याने दिल्या होत्या. पलटे, म्हणजे सुरांच्या सरावाच्या रचना, त्यानेही हजारदा घोटले होते. मग फरक काय? त्याला विचारलं तर म्हणाला, "आमच्या बाईंकडे जे वाजवायचं ते आधी गाऊन दाखवावं लागतं. गाता आलं नाही तर पेटीला हात लावू देत नाहीत."

इथे जरा थांबतो, कारण या खड्ड्यात मी बराच काळ होतो आणि तुम्हीही पडाल अशी मला जवळजवळ खात्री आहे.

गिटारवर स्केल आपण आकार म्हणून शिकतो. सहाव्या तारेवर पाच आणि आठ, पाचव्यावर पाच आणि सात, चौथ्यावर पाच-सात, तिसऱ्यावर पाच-सात, दुसऱ्यावर पाच-आठ, पहिल्यावर पाच-आठ. झाला बॉक्स. गळ्यात असा आकार नसतो, तिथे सूर ओळखीचा करून घ्यावाच लागतो. गिटारवर तो ओळखीचा न करताही बोट बरोबर जागी पडतं. ही सोय आहे आणि हाच घात आहे. बोटांना पत्ता पाठ होतो, कान त्या घरी कधी जातच नाही. मग "मनाने वाजव" म्हटलं की मन बाजूला राहतं आणि बोटं सवयीच्या वाटेने धावतात. ती वाट कायम शेजारच्या फ्रेटवरून शेजारच्या तारेवर जाते. ऐकणाऱ्याला ते स्केलच वाटतं, कारण ते स्केलच असतं.

आणि वेग वाढवला की हे बरं होत नाही, चिघळतं. मेट्रोनोम 60 वरून 120 वर नेलात तर तेच दुप्पट वेगाने होतं, एवढंच. मी 120 वर नेला होता. लोक टाळ्या वाजवतात, त्यामुळे आपलं काय चुकतंय ते आणखी उशिरा कळतं.

यातून बाहेर यायची वाट मला आपल्याच संगीतात सापडली. त्याच पेंटॅटॉनिकमधला ए हा सा धरा. मग सूर होतात सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. म्हणजे धानी रागाचे सूर. मेजर पेंटॅटॉनिक घेतलीत तर सा रे ग प ध, भूपाचे सूर. राग म्हणजे फक्त सूर नव्हेत हे मला माहीत आहे, जाणकारांनी लगेच अंगावर येऊ नये. पण ख्यालात गवई हे सूर कसे उलगडतो ते बघा. पाचही सूर पहिल्या मिनिटात उधळत नाही. सा वर राहतो, खालच्या नीला शिवून येतो, बऱ्याच वेळाने ग दाखवतो. भीमसेन जोशींच्या किराणा घराण्याची तर ही खासियतच. एकेका सुराची बढत. 1953 मध्ये त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव या शहरात दर डिसेंबरात भरतो. पुण्यात राहून गिटार शिकताय आणि तिथे एकदाही खाली भारतीय बैठकीवर बसला नसाल, तर या वर्षी बसा. गिटारच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकाल. हे माझं ठाम मत आहे.

करायचं काय, ते सांगतो. चौथ्या तारेवर सातवं फ्रेट म्हणजे सा. त्याच तारेवर पाचवं म्हणजे खालचा नी. पहिले काही दिवस फक्त हे दोन. कंटाळा येईल, येऊ द्या. लांब धरा, हळू छेडा, मध्ये गप्प बसा, तालावर वाजवा, तालाबाहेर वाजवा. दोनच सूर असले की बोटांना पळायला जागा उरत नाही आणि नाइलाजाने लांबी, जोर, थांबणं यांच्याकडे लक्ष जातं. मग तिसऱ्या तारेवरचं पाचवं फ्रेट घ्या, तो कोमल ग. मग त्याच तारेवरचं सातवं, म. शेवटी दुसऱ्या तारेवरचं पाचवं, प. आणि प्रत्येक वेळी अट एकच: आधी गुणगुणा, मग वाजवा. आवाज भसाडा असला तरी चालेल, माझा आहे. घरचे हसतील, दोन आठवड्यांनी थांबतात.

आता यात तंत्र कुठे येतं बघा. म वाजवताना तुम्ही गुणगुणता आणि आवाज सहज घसरत प वर जातो. गिटारवर ते करायचं तर तिसरी तार सातव्या फ्रेटवर पूर्ण स्वर चढेपर्यंत खेचावी लागते. पहिल्यांदा ती अर्ध्यावरच अडकेल आणि बेसूर वाटेल. तपासायला दुसऱ्या तारेचं पाचवं फ्रेट वाजवून ऐका, खेचलेला सूर तिथे पोचला पाहिजे. एका बोटाने जमत नसेल तर मागे दोन बोटांचा आधार द्या, आणि जोर बोटांचा नको, मनगट फिरवा. अकूस्टिकवर 12 च्या जाड तारा असतील तर हे जवळजवळ अशक्य आहे, 10 चा सेट लावा. आता हाच बेंड, म्हणजे तार खेचणं, वीस-वीस वेळा घोटा, मेट्रोनोमवर घोटा, खुशाल रटाळ रियाज करा. पण या वेळी तो कशासाठी करताय हे कानाला माहीत आहे. मला वाटतं क्लासमध्ये हा क्रम उलटा असतो. आधी बेंड शिकवतात, तो कुठे लागतो ते तुमचं तुम्ही बघा.

हे वाचून झेड ब्रिजवाल्यांनी फार खूश होऊ नये. "आम्हाला थिअरी नको, आम्ही मोकळे आहोत" म्हणणाऱ्यांचा मोकळेपणा मी जवळून पाहिला आहे. तो जी-डी-ई मायनर-सी या चार खोल्यांचा असतो आणि पाचवं दार उघडता येत नाही म्हणून घर पुरे आहे असं म्हणतात. ही मंडळी हमखास जँगो राइनहार्टचं नाव घेतात. 1928 मध्ये त्याच्या कॅराव्हॅनला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तरी तो जगातल्या थोर गिटारवादकांपैकी एक झाला. खरं आहे. पण त्याने तंत्र सोडलं नाही हो, उरलेल्या बोटांसाठी नवं तंत्र घडवलं. तुमची दहाही बोटं शाबूत आहेत आणि करंगळी मात्र आयुष्यभर हवेत, हे त्याचं उदाहरण होत नाही. विश्वमोहन भट्टांनी तर वाद्यच बदललं, गिटारला तरफांच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा केली, 1994 मध्ये ग्रॅमी मिळवलं. पण त्या ग्रॅमीआधी रविशंकरांकडची तालीम होती.

मास्तरांबद्दलही बोलतो, वाईट वाटलं तर वाटू दे. दोन प्रकारच्या सरांपासून लांब राहा. एक, जे वर्षभर फक्त परीक्षेचे तीन पीसेस घोटून घेतात. दुसरे, जे काहीही विचारलं की "फील आण" म्हणतात. दुसरे जास्त धोकादायक, कारण ते गोड असतात आणि त्यांच्याकडे घोटायला काहीच नसतं. चांगला मास्तर ओळखायची माझी एक खूण आहे: तुम्ही स्वतः केलेली ओबडधोबड चार ओळींची चाल वाजवून दाखवा. तो ती सुधारायला बसला तर टिकून राहा. "हे नंतर, आधी पान बारा" म्हणाला तर एकदा सोडून द्या. दुसऱ्यांदाही म्हणाला तर क्लास शोधायला लागा.

टॅबच्या, म्हणजे कुठल्या तारेवर कुठलं फ्रेट ते दाखवणाऱ्या, ॲपबद्दल विचाराल तर वापरा, पण गाणं आधी निदान एक ओळ तरी कानाने काढायचा प्रयत्न करा. आधी टॅब उघडला की कान सुट्टीवर जातो.

काही गोष्टी तुमचा दोष नसतात, त्याचं मनाला लावून घेऊ नका. एफ वाजत नाही? पाचव्या फ्रेटवर बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, सहज लागतो आणि पहिल्यावरच लागत नाही, असं असेल तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत. दुरुस्तीवाल्याकडून घासून घ्या, तासाभराचं काम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अचानक तारा उंच वाटायला लागल्या तर ती हवा आहे, लाकूड दमटपणाने फुगतं. गिटार भिंतीवर न टांगता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बोटांची टोकं दुखणं ठीक, महिन्याभरात घट्टे पडतात. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर मात्र त्याच क्षणी थांबा. तिथे जिद्द दाखवू नका, मी गंभीरपणे सांगतोय.

रोज तासभर असेल तर मी असा वाटतो: निम्मा वेळ घोटणं, निम्मा वेळ गुणगुणून शोधणं, आणि शेवटी सापडलेलं फोनवर रेकॉर्ड. रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका, सगळं भिकार वाटतं. चार दिवसांनी ऐका, एखादी जागा बरी निघते. परीक्षा जवळ आली की हे प्रमाण बिघडतं, बिघडू द्या, नंतर जागेवर आणा. आणि फॉर्म भरताना दोन चाचण्यांपैकी एक इम्प्रोव्हायझेशन घ्या. परीक्षक एखादी छोटी धून, कॉर्डांची साखळी किंवा एखादी शैली देतो, त्यावरून पुढे वाजवायचं असतं. दोन-चार गुण कमी पडतील. पडू द्या.

मी स्वतः सध्या वेगळ्याच ठिकाणी अडकलोय. एकाच सा वर मला आता थोडंफार सुचतं, पण मागे कॉर्ड बदलायला लागल्या की गुणगुणणं बंद पडतं आणि बोटं परत पाचव्या फ्रेटवरच्या बॉक्सात पळतात. पेटीवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो त्यांच्याकडे कॉर्ड बदलतच नाहीत, तुझं तू बघ. सध्या फक्त दोन कॉर्डांवर, ए मायनर आणि एफ, प्रत्येकीचा एकेक सूर गाऊन बघतोय. एफवर कोमल ध खुणावतो, तो त्या बॉक्समध्ये नाहीच.