कार्यक्रमाचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

“प्रकल्प संपत आलाय, जरा मूल्यमापन करून द्याल का?” असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, सुरुवातीची नोंद आहे का? बहुतेकदा नसते. मग दोन वर्षांपूर्वी काय स्थिती होती ते लोकांना आठवून सांगायला लावतात. मदत मिळालेला माणूस भिडेपोटी जुने दिवस होते त्याहून वाईटच सांगतो. पायाभूत पाहणी पहिल्या सत्राआधी करा, नंतर तिला काही इलाज नाही.

माझा खरा राग आहे तो गळती झाकण्यावर. एका संस्थेच्या वाचनवर्गांचा अहवाल तपासायला आला होता. पूर्वचाचणीत मुलं मिनिटाला सरासरी 31 शब्द वाचत होती, अंतिम चाचणीत 44. सगळे खूश. मी दोन्ही याद्या मागवून शेजारी-शेजारी लावल्या. पहिलीत 120 मुलं, दुसरीत 74. गळालेली 46 बहुतेक अडखळत वाचणारी. उरलेल्या 74 जणांचीच पूर्वचाचणी काढली, तर सरासरी 42! म्हणजे वाढ तेराची नव्हे, दोनाची. आणि दोन शब्द तर नुसतं शाळेत जाऊनही वाढले असते. खोटं कुणीच बोललं नव्हतं, फक्त सरासरी काढायची घाई झाली होती.

म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला क्रमांक द्या आणि दोन्ही चाचण्या त्याच क्रमांकाखाली नोंदवा. गळालेल्यांपैकी काहींना गाठून का सोडलं ते विचारा. अहवालात मी तेच पान आधी वाचतो.

तुलना गट, म्हणजे कार्यक्रम न मिळालेली पण तशीच माणसं, नसेल तर “आमच्यामुळे” हा शब्द लिहू नका. त्यातून सगळ्यांत मागे असलेल्यांनाच निवडलं असेल, तर पुढच्या चाचणीत त्यांचे गुण काही न करताही थोडे वर सरकतात.

“500 जणांना प्रशिक्षण दिलं” हा परिणाम नव्हे, हजेरी आहे.

आता अभिप्राय अर्ज. 95 टक्के समाधानी! बरं, मग? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली केंब्रिज-समरव्हिल प्रयोग सुरू झाला. सारख्या-सारख्या मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकालाच वर्षानुवर्षं समुपदेशन आणि मदत दिली. गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी 1978 साली दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांतले बहुतेक जण म्हणाले, फायदा झाला. पण मद्यपान, मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा कित्येक बाबतींत तोच गट जोडीतल्या मदत न मिळालेल्यांपेक्षा मागे निघाला. जोड्या लावल्या नसत्या, तर हे कळलंच नसतं.

शेवटची तक्रार नवशिक्यांबद्दल. आयती प्रश्नावली उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी थेट पाहणीला. “प्रशिक्षण उपयुक्त आणि समजायला सोपं होतं का?” याला ‘हो’ म्हणणारा नक्की कशाला हो म्हणाला? पाच-सात जणांकडून आधी भरून घ्या, आणि ते भरताना शेजारी बसा. पेन कुठे थबकतं ते बघा. तो प्रश्न त्याच संध्याकाळी बदला.